रोज नांदते

आमची गाडी सुरू करायची एक रीत आहे. आधी मागच्या खोलीतला पंखा लावायचा. मग उजवीकडचं चौथं बटण दाबून तो बंद करायचा. मग खाली उतरून बॅटरीच्या टर्मिनलवर हातोडीचा एक टोला द्यायचा. हलकाच, जोरात बसला तर वायपर सुरू होतात आणि ते थांबवायचं बटण अजून सापडलेलं नाही. मग आत बसून, किल्ली फिरवून मोठ्यानं ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’ म्हणायचं. यात भक्तीचा भाग आहे, नाही असं नाही. पण ही आरोळी ऐकली की शेजारच्या तालमीतली पोरं अंगाला माती लागलेली तशीच बाहेर येतात आणि गाडीला धक्का मारतात. गेल्या चैत्रात यात्रेला निघालेल्या मंडळींनी गल्लीतून खरोखरचं चांगभलं केलं, तर दोन पोरांनी सवयीनं गाडी ढकलत गल्लीच्या तोंडापर्यंत नेली. मी गाडीत नव्हतो.

एवढं सगळं होऊन गाडी सुरू झाली की ती उद्यमनगरकडे, मिस्त्रीच्या दाराकडे वळते. मी वळवत नाही. टाय रॉडच त्या बाजूला ओढतो.

गाडी म्हणजे कॅम्पर. पिकअपच्या हौद्यावर बसवलेलं घर. केबिनच्या डोक्यावर झोपायचा माळा, आत समोरासमोर दोन बाकं, मध्ये दुमडतं टेबल, दोन बर्नरची शेगडी, पळी-वाटी धुता येईल एवढं सिंक आणि कोपऱ्यात पडद्याआड एक वस्तू, तिच्याबद्दल पुढे बोलू. पिकअप कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही. तिचा बिचारीचा यात काही दोष नाही. तिनं जे बनवून दिलं होतं त्यातला आता गाडीत फक्त चेसिस नंबर शिल्लक आहे.

हे दुखणं मला पुस्तकातून लागलं. छत्तीस वर्षं बँकेत खातेदारांच्या सह्या जुळवून निवृत्त झालो तेव्हा एका मित्रानं जॉन स्टाइनबेकचं ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ भेट दिलं. हा अमेरिकन लेखक १९६० साली असाच पिकअपवर घर बसवून, सोबत चार्ली नावाचा कुत्रा घेऊन अख्खा देश हिंडून आला. तेव्हा तो ५८ वर्षांचा होता. १९६२ साली पुस्तक आलं आणि त्याच वर्षी त्याला नोबेल मिळालं. ते गाडीमुळे मिळालं असं मी म्हणत नाही. पण मी साठीचा होतो, म्हणजे दोन वर्षं उशीर आधीच झाला होता.

हिला मी सगळं वाचून दाखवलं.

“बायकोला नेलं होतं त्यानं?”

“नाही. चार्लीला.”

“शहाणी होती.”

“अगं, चार्ली कुत्रा होता.”

“मी बायकोबद्दल बोलतेय.”

गाडी मिळाली पुण्याच्या एका संगणकवाल्याकडून. लॉकडाऊनमध्ये त्याला मोकळ्या हवेची ओढ लागली म्हणून त्यानं ती बांधून घेतली होती. लॉकडाऊन संपल्यावर त्याला गाडीपासून मोकळं व्हायची ओढ लागली. “सर, ही गाडी नाही, स्वातंत्र्य आहे,” असं म्हणत त्यानं किल्ली माझ्या हातात दिली. किल्ली सुटल्याबरोबर त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते स्वातंत्र्यच होतं. मला वाटलं, तो माझ्या आनंदात सहभागी झालाय.

पुढचा घोळ शब्दानं घातला. आमच्या जिल्ह्यात कॅम्पर म्हणजे पुढे दोन रांगांच्या सीटा आणि मागे हौदा असलेली गाडी. महिंद्रानं आपल्या बोलेरोला तेच नाव दिलंय आणि वाडीवस्तीवरची पोरंटोरंही गाडी लांबून ओळखतात. त्यामुळे “कॅम्पर घेतला” हे मी मेहुण्याला फोनवर सांगितलं, तेव्हा कागलकडून जो हर्ष उसळला त्याचं कारण मला नीट कळलं नाही.

“दाजी, एक नंबर काम केलासा बघा! वैरणीचं टेन्शनच मिटलं.”

दुसऱ्या दिवशी तो दोरखंड घेऊन हजर. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, पाठीमागचं दार उघडून आत डोकावला, शेगडी बघितली, गादी दाबली आणि फार वाईट वाटल्यासारखा बाहेर आला.

“दाजी, हौद्यात घर कशाला बांधलंय? काढून टाकूया की. चार बोल्ट तर हायती.”

त्याच्या डोळ्यांतली ती निराशा बघून मी कसाबसा एक भारा बाकावर आणि दोन भारे माळ्यावर नेण्याचं कबूल केलं. त्या दिवसापासून आमच्या गादीला ओल्या मक्याचा वास आहे. प्रवासाला निघालो की वाटेतल्या गायी वळून बघतात.

पहिला पाऊस झाला आणि गाडीचा पूर्वेतिहास बाहेर आला. पुणेकरानं दिलेला आकाशी रंग पापुद्रे धरून सुटला आणि त्याखालून पांढरा सदरा घातलेले, हात जोडून हसणारे एक गृहस्थ हळूहळू प्रकट झाले. गाडी मुळात प्रचाररथ होती. गृहस्थ कुठल्या पक्षाचे ते कळायला मार्ग नव्हता, कारण त्यांच्या छातीपाशी रंग आणखी खोल गेला होता आणि तिथून दुसरेच गृहस्थ हात जोडत होते.

मी रंगाऱ्याला बोलावलं. गृहस्थ झाकून टाक म्हटलं आणि समोर नाव घाल. स्टाइनबेकनं आपल्या गाडीला डॉन किहोटेच्या मरतुकड्या घोड्याचं नाव दिलं होतं, रोझिनांते. तेच मी चिठ्ठीवर लिहून दिलं. संध्याकाळी गाडी आली ती कपाळावर पिवळ्याधमक अक्षरांत ‘रोज नांदते’ असं लिहून, दोन्ही बाजूंना दोन मोर घेऊन.

“चिठ्ठी भिजलीती साहेब. पण मला अर्थ लागला.”

हिनं ते वाचलं आणि गाडी घेतल्यापासून पहिल्यांदा मनापासून हसली. “बरोबर लिहिलंय की. फक्त कुठं ते लिहायचं राहिलं.”

नांदते ती उद्यमनगरात. आमच्याकडे ती येते ती दिवाळसणाला माहेरवाशीण यावी तशी, दोन दिवस, फुरंगटून. बाकी मुक्काम मिस्त्रीच्या दारात. कोल्हापुरात एक गोष्ट वाईट आहे, ती म्हणजे इथं ‘होणार नाही’ असं कुणी म्हणत नाही. या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा इथल्या इथं घडवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. तेव्हापासून गावाला ती सवय लागली असावी. सुटा भाग बाजारात मिळत नाही म्हटल्यावर दुसऱ्या गावचा मिस्त्री हात झटकतो आणि माणूस वाचतो. आमचा मिस्त्री म्हणतो, “मिळत न्हाई व्हय? मग करूया की.”

असं करत करत आता गाडीच्या मागच्या दाराची बिजागरी गुऱ्हाळाच्या चरकाची आहे, खिडकी एका मोडीत काढलेल्या बसची आहे, सिंकचा पंप कूलरचा आहे आणि छतावरचं झाकण कुठल्या तरी पोल्ट्रीतलं आहे. भर उन्हात त्यातून एखादं पीस अजून खाली येतं. कमान-पाट्यांची हकिगत तर आणखी वेगळी. अशा गाडीचं सगळं वजन उंचावर असतं, त्यामुळे वळणावर ती मिरवणुकीतल्या मूर्तीसारखी डुलायची. मी तसं मिस्त्रीला बोलून गेलो. संध्याकाळी बघतो तर पाठीमागं दोन्ही बाजूंना तीन-तीन जादा पाटे.

“आता डुलली तर नाव सांगू नका. दहा टन ऊस वढंल ही.”

“मिस्त्री, आम्ही दोघंच असतो. आणि चाळीस लिटर पाणी.”

“असू दे की.”

आता ती डुलत नाही. उडते. खड्डा पुढे येतोय असं दिसलं की ही मागच्या फडताळातल्या बश्यांना उद्देशून “धरा!” असं ओरडते. सहा बश्यांपैकी दोन राहिल्यात, त्या स्टीलच्या आहेत.

मिस्त्री बिल करतो कॅलेंडरच्या पाठीमागं. नोझल काढून तपासणी, इतके. जॉइंट क्रॉस, इतके. ग्रीसिंग, इतके. आणि सगळ्यात शेवटी ‘किरकोळ’. किरकोळ हा आकडा वरच्या सगळ्या आकड्यांच्या बेरजेपेक्षा मोठा असू शकतो, हे छत्तीस वर्षं बँकेत काढून मला ठाऊक नव्हतं. एकदा धीर करून विचारलं, की गाडी विकून टाकू का. मिस्त्रीनं पाना खाली ठेवला. पाना तो सहसा ठेवत नाही.

“राजाराम महाराजांच्या काळातली मेबॅक मोटार अजून दसऱ्याला चौकात चालत येतीया. आणि ही कालची पोरगी तुमास्नी जड झाली व्हय?”

मेबॅकच्या पाठीमागं राजघराणं आहे आणि हिच्या पाठीमागं माझी पेन्शन, हे मला घरी आल्यावर सुचलं.

पासिंग संपलं तेव्हा एका सरकारी कचेरीत जावं लागलं. तिथला माणूस सज्जन होता, फक्त त्याच्यापुढे अर्जात दोनच रकाने होते.

“यात काय वाहता?”

“आम्ही दोघं असतो.”

“म्हणजे प्रवासी.”

“पण बऱ्याचदा झोपलेले असतो.”

“मग माल.”

तसे नियम आहेत. स्वतःच्या वापराच्या कॅम्पर व्हॅनला खाजगी वाहनांत जागा आहे, १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम ५२ गाडीत परस्पर फेरबदल करू देत नाही, आणि मोटार कॅराव्हॅन कशाला म्हणावं याचं मानकही आहे: बसायला जागा आणि टेबल हवं, झोपायची सोय हवी, स्वयंपाकाची हवी, सामान ठेवायची हवी. मी ते बारकाईनं वाचलं. आमचं मंगळवार पेठेतलं राहतं घर या व्याख्येत बसत नाही. सामान ठेवायला जागा नाही. २०२१ साली राज्य सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं तेव्हा तर मला वाटलं की सरकारसुद्धा स्टाइनबेक वाचतं. ते धोरण मी खिशात घालून नेलं होतं. त्या सज्जनानं ते दोनदा वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाला, “ते सगळं बरोबर आहे. पण हे मोर कशाला काढलेत?”

आता पडद्याआडची वस्तू. तो एक हलवता येणारा संडास आहे. पुणेकरानं तो फार अभिमानानं दाखवला होता. आमच्या सासूबाई गाडी बघायला आल्या, पडदा सरकवला, वस्तूकडे बघितलं, वळून शेगडीकडे बघितलं, मग दोहोंमधलं अंतर वितीनं मोजल्यासारखं केलं आणि काही न बोलता खाली उतरल्या. त्यानंतर त्यांनी गाडीतला चहासुद्धा घेतलेला नाही. वस्तू कोरी करकरीत आहे. तिच्यात आम्ही कांदे ठेवतो. हे पाहुण्यांना सांगत नाही.

गल्लीनं मात्र गाडी पहिल्या दिवसापासून आपली मानली. धक्का मारणाऱ्याचा गाडीवर हक्क असतो, आणि धक्का सगळ्या गल्लीनं मारलाय. कुणाच्या मुलीचं रुखवत, कुणाचं भाड्याच्या खोलीतलं कपाट, कुणाचे पै-पाहुणे वाडीला दत्ताच्या दर्शनाला. दोन वर्षांत कॅम्पर बरोबर एका कॅम्पला गेला, बापट कॅम्पला. कुंभारांच्या वसाहतीत, गणपती आणायला.

“काका, फक्त मूर्ती आणायची. तासाभराचं काम.”

तासाभरानं गाडी आली ती छतावर ध्वनिक्षेपक घेऊन. प्रचाररथाच्या जुन्या वायरी आत कुठेतरी जिवंत होत्या आणि पोरांनी त्या हुडकल्या. मी हॉर्न दाबला की आता छतावरून ‘हॅलो, माईक टेस्टिंग’ असं ऐकू येतं. मिस्त्री म्हणाला, काढतो की. अजून काढतोय.

शेजारच्या आक्का रोज सकाळी तुळशीला पाणी घालताना गाडीकडे बघतात. त्यांनी जन्मभर मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला सौंदत्तीची यात्रा केली. ट्रकमधून, ताडपत्रीखाली, चूल-लाकडं-पीठमीठ-पोरंबाळं बरोबर घेऊन. आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर दिंडीचे ट्रक निघतात, त्यांतही सबंध संसार असतो. तमाशाचे फड तर गावोगाव ट्रकमध्येच उठले-बसले. मी त्यांना एकदा या गाडीचं जगभर किती कौतुक आहे ते सांगत होतो. त्यांनी तांब्या खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं.

“आमी पण ह्येच करायचो बाबा. पर तवा कॅम्पर म्हणायचो न्हाई, ट्रक म्हणायचो. आणि पन्नास माणसं असायची धकलायला.”

शेवटी गेल्या जुलैत हिनंच निर्वाणीचं विचारलं, “ही गाडी कुठं तरी मुक्कामाला जाणार आहे का?” मी गगनबावडा ठरवला. घाटमाथा, धुकं, धो धो पाऊस, आत आपण दोघं, शेगडीवर चहा. रविवारी सकाळी पंखा, बटण, टोला, चांगभलं. फुलेवाडी ओलांडली तेव्हा हिनं मागे वळून शहराला हात जोडले. बालिंग्याचा पूल ओलांडला तेव्हा मी शीळ घातली. दोनवडे गेलं. दोन्ही बाजूंना ऊस, मधून ओला काळा रस्ता, टपावर पाऊस. मला स्टाइनबेकबद्दल पहिल्यांदाच थोडी कीव वाटली. त्याला हे बघायला मिळालं नव्हतं.

कळ्यात गाडीनं दोन आचके दिले आणि बंद पडली. मी हॉर्नवर हात ठेवला. ‘हॅलो, माईक टेस्टिंग’ ऐकू आलं, आणि पाच मिनिटांत तीसएक माणसं जमली. पावसानं आपलं काम केलंच होतं. रंगाऱ्यानं झाकलेले गृहस्थ पुन्हा हात जोडून बाहेर आले होते.

“कुणाचा प्रचार हाय?”

“प्रचार नाही हो.”

“मग दवाखाना दिसतोय,” असं म्हणत एका म्हाताऱ्यानं माझ्यापुढे येऊन तोंड उघडलं आणि दाढेवर बोट ठेवलं. पाठीमागून एक पोरगं शेळी घेऊन आलं. तिच्या पायाला काहीतरी झालं होतं. शेळी मक्याच्या वासानं थेट आत चढली आणि माळ्याखाली जाऊन उभी राहिली.

मी डॉक्टर नाही, पुढारी नाही, रेशन वाटत नाही, हे एकेकाला पटवून देता देता घसा बसला. शेवटी म्हाताऱ्यानं तोंड मिटलं आणि कळवळून विचारलं, “मग घर पाठीवर घिऊन का हिंडतायसा? घर न्हाई व्हय तुमास्नी?”

“आहे की.”

“कुठं?”

“कोल्हापुरात.”

“आणि मग हितं पावसात काय करालायसा? वीस किलोमीटरच तर हाय.”

याला स्टाइनबेकच्या पुस्तकात उत्तर नाही. मी नंतर पुन्हा बघितलं.

आतली गादी एव्हाना दोन ठिकाणी भिजली होती, आणि उरलेल्या कोरड्या जागेवर शेळी बसली होती. म्हाताऱ्याच्या सुनेनं हिला हाताला धरून घरात नेलं. पिठलं-भाकरी झाली, ठेचा झाला, कुंभी नदीच्या पाण्याच्या गप्पा झाल्या, वाकळा पडल्या. ही इतकी गाढ झोपली की मला हेवा वाटला. घर घेऊन मुक्कामाला निघालेले आम्ही दुसऱ्याच्या सोप्यात झोपलो, आणि समोर रस्त्याकडेला आमच्या घरात शेळी झोपली.

सकाळी मिस्त्री मोटारसायकलवरून आला. बोनेट उघडलं, दहा नंबरच्या पान्यानं एक बोल्ट सैल केला, हातपंप चार वेळा दाबला, डिझेलबरोबर बुडबुडे फसफसले. “एअर धरलंतं,” म्हणाला. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. टोला नाही, चांगभलं नाही. मी गगनबावड्याच्या दिशेनं तोंड केलं, तोच समोरून येणाऱ्या दुधाच्या गाडीवाल्यानं हात दाखवला. मांडुकलीत रस्त्यावर पाणी आलं होतं. पुढची वाट बंद.

तर, कोल्हापूर ते गगनबावडा ५५ किलोमीटर. आमचे वीस झालेत, पस्तीस राहिलेत. पाणी ओसरलं आणि मिस्त्रीचं किरकोळ संपलं की निघणार आहोत. तोवर कुणाला मूर्ती, वैरण, रुखवत काही न्यायचं असेल तर गाडी तालमीसमोर उभी आहे, किल्ली आक्कांकडे असते. धक्का मारायला माणसं आणू नका. चांगभलं म्हणा, पोरं येतात. कांदे मात्र तेवढे कृपा करून आधी बाहेर काढून ठेवा.